सुट्या भागांतून उभी राहिलेली कीर्ती : कॉलिन चॅपमन

लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचे नाव आज प्रामुख्याने फॉर्म्युला वन शर्यतींच्या संदर्भात घेतले जाते. त्यांच्या संघाने १९६३ ते १९७८ या काळात उत्पादकांचे विश्वविजेतेपद सात वेळा पटकावले. शर्यतीच्या मोटारीची रचना कशी असावी, याविषयीच्या रूढ कल्पना त्यांनी एकाहून अधिक वेळा बदलून टाकल्या. मात्र हा सारा डोलारा ज्या व्यवसायाच्या आधारावर उभा राहिला, त्या व्यवसायाचे मूळ ब्रिटनच्या करकायद्यातील एका फटीत होते. वेगवान मोटार कोणाच्या अंगणात उभी राहणार, हे अभियंता जितके ठरवतो तितकेच त्या देशाचा अर्थमंत्रीही ठरवतो. चॅपमन यांचे चरित्र हे या वस्तुस्थितीचे बोलके उदाहरण आहे.

विद्यार्थिदशेतील पहिला धडा

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनलगतच्या रिचमंड येथे झाला. त्यांचे वडील उत्तर लंडनमधील हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवीत असत. कॉलिन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. तेथील वैमानिक पथकात ते विमान चालवण्यासही शिकले. कमीत कमी वजनात अधिकाधिक बळकटी कशी साधावी, हा विमानविद्येतील मूलभूत प्रश्न पुढे त्यांच्या साऱ्या कामाचे सूत्र ठरला.

महाविद्यालयात असतानाच त्यांनी एका मित्रासमवेत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीचा जोडधंदा सुरू केला होता. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये नव्या मोटारी बहुतांशी निर्यातीसाठी राखून ठेवल्या जात, त्यामुळे जुन्या मोटारींना चांगली मागणी होती. परंतु १९४७ च्या शरद ऋतूत परकीय चलनाच्या टंचाईमुळे सरकारने खासगी वाहनांना मिळणारा पेट्रोलचा मूळ शिधा बंद केला. मोटारींच्या किमती कोसळल्या आणि दोघा विद्यार्थ्यांनी जमवलेला नफा त्यात गेला. सरकारच्या एका आदेशाने मोटारीचे मोल कसे बदलते, याचा हा पहिला अनुभव त्यांना विशीच्या आतच मिळाला.

या धंद्यातून न विकली गेलेली एक ऑस्टिन सेव्हन मोटार मागे उरली होती. तिच्या सांगाड्यावर नवी बांधणी करून चॅपमन यांनी १९४८ मध्ये आपली पहिली मोटार तयार केली. ती पुढे लोटस मार्क वन या नावाने ओळखली गेली. हे नाव का निवडले, याचा उलगडा चॅपमन यांनी अखेरपर्यंत केला नाही.

ऑस्टिन सेव्हन ही मोटारही एका अर्थाने कराचेच अपत्य होती. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीनुसार वार्षिक कर आकारला जाई. ही अश्वशक्ती इंजिनाच्या प्रत्यक्ष ताकदीवरून मोजली जात नसे. सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरांची संख्या यांवरून एका ठरीव सूत्राने ती काढली जाई. परिणामी ब्रिटिश कारखानदार अरुंद सिलिंडरांची लहान इंजिने बनवू लागले. १९२२ मध्ये आलेली ऑस्टिन सेव्हन त्यांपैकीच एक होती. हा कर जाऊन १९४८ च्या प्रारंभी नव्या मोटारींना सरसकट समान वार्षिक कर लागू झाला, त्या सुमारास चॅपमन आपल्या पहिल्या मोटारीची बांधणी करीत होते.

खरेदी कर आणि सुटे भाग

त्या काळातील ब्रिटिश ग्राहकापुढील खरा अडसर मात्र वेगळाच होता. युद्धकाळात लोकांनी अनावश्यक खर्च करू नये, या हेतूने ऑक्टोबर १९४० मध्ये खरेदी कर लागू झाला होता. घाऊक किमतीवर आकारला जाणारा हा कर युद्ध संपल्यावरही कायम राहिला. १९४७ मध्ये एक हजार पौंडांहून अधिक मूळ किमतीच्या मोटारींवर तो दुप्पट करण्यात आला. १९४८ मध्ये सादर झालेल्या जॅग्वार एक्सके १२० या विख्यात स्पोर्ट्स मोटारीची मूळ किंमत ९९८ पौंड ठेवण्यात आली, त्यामागे हीच मर्यादा होती. पुढे १९५१ मध्ये सर्वच मोटारींवरील कर घाऊक किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ टक्क्यांपर्यंत पोहोचला. त्यानंतरच्या दशकभरात तो बहुतांश काळ ५० ते ६० टक्क्यांच्या घरात राहिला.

हा कर तयार मोटारीवर होता. मोटारीचे सुटे भाग विकत घेऊन एखाद्याने आपल्या घरी स्वतःच्या हातांनी मोटार जुळवली, तर कायद्याच्या दृष्टीने मोटारीची विक्रीच झालेली नसे. चॅपमन यांनी हा फरक नेमका हेरला. हेझल विल्यम्स या त्यांच्या मैत्रिणीने दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर १ जानेवारी १९५२ रोजी लोटस इंजिनिअरिंगचा प्रारंभ झाला. हेझल यांच्याशी १९५४ मध्ये त्यांचा विवाह झाला. वडिलांच्या हॉटेलमागील जुन्या तबेल्यात कारखाना थाटण्यात आला. तेथून बाहेर पडलेली मार्क सिक्स ही मोटार सुट्या भागांच्या संचाच्या स्वरूपात विकली गेली. बारीक पोलादी नळ्यांचा हलका सांगाडा आणि ॲल्युमिनिअमचे आवरण कारखाना पुरवी. इंजिन व अन्य यंत्रभाग ग्राहकाने बहुधा एखाद्या सामान्य फोर्ड मोटारीतून मिळवायचे असत. सुमारे शंभर ग्राहकांनी ही मोटार अशा रीतीने उभी केली.

या कल्पनेचे परिपक्व रूप म्हणजे १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन. दोन आसने, छोटेखानी काच, उघडी चाके आणि सुमारे ५०० किलोग्रॅम वजन, असा तिचा थाट होता. तयार मोटार करासह १,०३६ पौंडांना पडे, तर तिचाच संच ५३६ पौंडांना मिळे. या तफावतीत जुळणीच्या मजुरीचा अंश होता, परंतु मोठा वाटा कराचाच होता. १९५९ मध्ये आलेली मिनी ही छोटी कौटुंबिक मोटार करासह सुमारे ४९७ पौंडांना विकली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. शर्यतीत उतरवता येईल अशी मोटार आता एखादा तरुण कारकून किंवा तंत्रज्ञ घेऊ शकत होता. त्यासाठी त्याच्यापाशी अवजारे, एखादे गॅरेज आणि काही मोकळे दिवस एवढेच असावे लागे.

या सवलतीला अटी होत्या. जुळणी ग्राहकाने स्वतः करावी, त्यासाठी व्यावसायिकाला मोबदला देऊ नये, अशी अपेक्षा असे. संचासोबत जुळणीची माहितीपुस्तिका देण्यासही मनाई होती, असे सांगितले जाते. त्यावर लोटसने मोटार सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि ग्राहकांनी ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली, अशी आख्यायिका मोटारशौकिनांमध्ये आजही प्रचलित आहे. यात बेकायदा असे काही नव्हते. टीव्हीआर, मार्कोस, जिनेटा यांसारख्या इतर लहान कंपन्याही याच वाटेने गेल्या.

चॅपमन यांची अभियांत्रिकी विचारसरणी या धंद्याला पूरक ठरली. जो भाग काढून टाकता येईल तो काढावा आणि एकाच भागाकडून दोन कामे करून घ्यावीत, असा त्यांचा दृष्टिकोन होता. भाग कमी म्हणजे वजन कमी, आणि भाग कमी म्हणजे घरी जुळणीही सोपी.

एकच मोटार, निरनिराळे देश

ब्रिटनमधील ही युक्ती इतर देशांत मात्र तशीच्या तशी लागू पडत नव्हती. अमेरिकेत मोटारींवरील आयात शुल्क युद्धोत्तर काळात उत्तरोत्तर घटत गेले. तेथील ग्राहकाला ब्रिटनसारख्या जबर खरेदी कराला तोंड द्यावे लागत नव्हते. साहजिकच ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचा खरा बाजार अटलांटिकपलीकडे होता. १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेल्या एक लाखाहून अधिक एमजीए मोटारींपैकी सहा हजारांहून कमी मोटारी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या. ज्या देशात मोटार बनत होती, त्या देशाच्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसे. सरकारला निर्यातीतून डॉलर हवे होते आणि देशांतर्गत मागणी आवरण्याचे काम कर करीत होता.

न्यूझीलंडमध्ये आयात परवान्यांची कडक पद्धत होती. तयार मोटार बाहेरून आणण्यापेक्षा भाग आणून देशातच जुळणी करण्यास तेथे प्रोत्साहन मिळे. क्राइस्टचर्च येथील स्टील ब्रदर्स या कंपनीने १९७३ पासून १९७९ पर्यंत लोटस सेव्हनच्या चौथ्या आवृत्तीची बांधणी केली. ब्रिटनमधील घरगुती गॅरेजात जे घडत होते, ते येथे कारखान्यात घडले. दोन्हींमागील तत्त्व एकच होते. सुटा भाग आणि तयार मोटार यांना कायदा वेगळ्या नजरेने पाहतो, हेच ते तत्त्व.

इटलीत वेगळी तऱ्हा होती. दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर तेथे मूल्यवर्धित कराचा दर सामान्य दराच्या सुमारे दुप्पट होता. त्यामुळे फेरारीसारख्या कंपनीनेही १९८० मध्ये दोन लिटरहून किंचित लहान इंजिनाची २०८ जीटीबी ही मोटार मुख्यत्वे आपल्या देशबांधवांसाठी काढली. परदेशातील ग्राहकाला मोठे इंजिन आणि मायदेशातील ग्राहकाला छोटे, असा हा उफराटा न्याय होता.

शर्यतीचे यश आणि त्याची किंमत

संचांच्या विक्रीतून येणारा पैसा चॅपमन शर्यतींत ओतत राहिले. लोटसचा संघ १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला. १९६२ च्या लोटस २५ या मोटारीत त्यांनी नळ्यांच्या सांगाड्याऐवजी विमानाप्रमाणे पत्र्याचे भार पेलणारे कवच वापरले. तिच्यातून जिम क्लार्क यांनी १९६३ चे विश्वविजेतेपद मिळवले. १९६५ मध्ये क्लार्क यांनी विश्वविजेतेपदासोबत अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० ही शर्यतही जिंकली. १९६८ मध्ये तंबाखू कंपनीच्या रंगांत आपल्या मोटारी रंगवून चॅपमन यांनी फॉर्म्युला वनला प्रायोजकत्वाचे युग दाखवले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारीखालील हवेच्या प्रवाहाचा उपयोग करून तिला रस्त्याशी खिळवून ठेवणारी रचना त्यांच्या संघाने आणली आणि मारिओ आंद्रेत्ती १९७८ चे विजेते ठरले.

या यशाला दुःखाची किनारही होती. क्लार्क १९६८ मध्ये हॉकेनहाइम येथे, तर योखेन रिंट १९७० मध्ये माँझा येथे लोटस चालवताना मरण पावले. रिंट यांना त्या वर्षीचे विश्वविजेतेपद मरणोत्तर मिळाले. हलकेपणाच्या हव्यासापायी चालकाच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष होते, हा आक्षेप चॅपमन यांच्यावर हयातभर घेतला गेला.

फट बुजते तेव्हा

दरम्यान, ज्या कराने लोटसला जन्म दिला तो कर बदलत होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये मोटारींवरील खरेदी कर ४५ वरून २५ टक्क्यांवर आला. काही आठवड्यांपूर्वीच लोटस एलान ही नवी मोटार बाजारात आली होती. तीही संच आणि तयार अशा दोन्ही स्वरूपांत मिळे. कर उतरताच दोहोंतील अंतर कमी झाले आणि तयार मोटार घेणाऱ्यांची वाट सुकर झाली. १९६६ मध्ये कंपनी नॉरफोकमधील हेथेल येथील जुन्या हवाई तळावर गेली. त्या दशकाच्या अखेरीस आलेली एलान प्लस टू एस ही संचरूपात न मिळणारी पहिली लोटस ठरली. घरी जुळवायची मोटार ही ओळख चॅपमन यांना आता अपुरी वाटू लागली होती.

ब्रिटनने १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून खरेदी कराऐवजी मूल्यवर्धित कर आला. हा कर सुट्या भागांवरही लागत असल्याने संचाचे करविषयक आकर्षण जवळपास संपले. त्याच वर्षी चॅपमन यांनी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीला देऊन टाकले. स्वतः लोटस मात्र महागड्या मोटारींकडे वळली. १९७४ मध्ये नवी एलिट आणि १९७६ मध्ये एस्प्रि बाजारात आली. जेम्स बाँडच्या १९७७ च्या चित्रपटामुळे एस्प्रि जगभर पोहोचली, परंतु तेलसंकटाच्या त्या काळात लोटसची आर्थिक स्थिती ओढगस्तीचीच राहिली. वीस वर्षांपूर्वी तबेल्याच्या दाराशी संचासाठी येणारा तरुण आता तिच्या ग्राहकांत नव्हता.

बेलफास्टचे प्रकरण

चॅपमन यांच्या अखेरच्या वर्षांवर एका गंभीर प्रकरणाची छाया आहे. अमेरिकी उद्योजक जॉन डिलोरियन यांनी उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ स्पोर्ट्स मोटारींचा कारखाना उभारण्यासाठी ब्रिटिश सरकारकडून कोट्यवधी पौंडांचे साहाय्य मिळवले. त्या मोटारीच्या अभियांत्रिकी विकासाचे काम १९७८ मध्ये लोटसकडे आले. यासाठीचे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदणी झालेल्या एका मध्यस्थ कंपनीकडे वळते झाले आणि ते अपेक्षित कामी लागले नाहीत, असे पुढे उघड झाले. १९८२ मध्ये डिलोरियन यांची कंपनी बुडाली.

चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५४ वर्षांचे होते. लोटसचे आर्थिक व्यवहार सांभाळणारे फ्रेड बुशेल यांना या प्रकरणी १९९२ मध्ये तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. चॅपमन हयात असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा झाली असती, असे मत न्यायाधीशांनी त्या वेळी नोंदवले. कायद्यातील सवलतीचा उघडपणे लाभ घेणे आणि सार्वजनिक पैसा आडमार्गाने वळवणे, यांतील अंतर मोठे आहे. चॅपमन यांच्यावर स्वतः खटला चालला नाही. तरीही ही नोंद त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

आजचा संदर्भ

चॅपमन गेल्यानंतर लोटसची मालकी अनेकदा बदलली. जनरल मोटर्स आणि मलेशियाच्या प्रोटॉननंतर २०१७ मध्ये चीनच्या जीली समूहाकडे बहुसंख्य मालकी गेली. सेव्हन मात्र केटरहॅमच्या नावाने अद्याप बनते आणि ब्रिटनमध्ये ती आजही संचरूपात घेता येते. जपानमध्ये लहान मोटारींच्या एका विशेष वर्गाला करसवलत मिळते. त्या वर्गात बसावी म्हणून तिची ६६० सीसी इंजिनाची आवृत्तीही निघाली.

देशोदेशीचे अंतर अद्यापही तेवढेच ठळक आहे. डेन्मार्कमध्ये महाग मोटारीच्या किमतीच्या वरच्या हिश्श्यावर १५० टक्के नोंदणी कर आहे. सिंगापूरमध्ये २०२३ पासून सर्वांत महाग मोटारींच्या बाबतीत या कराचा वरचा टप्पा ३२० टक्क्यांवर गेला. भारतात तयार मोटारीवरील आयात शुल्क दीर्घकाळ शंभर टक्क्यांच्या घरात राहिले. २०२४ मध्ये हेथेल येथे बनणारी लोटस एमिरा भारतात दाखल झाली, तेव्हा तिची किंमत तीन कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे ब्रिटनमधील किमतीच्या दुपटीहून जास्त होती. भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या मोटारींवरील हे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे.

चॅपमन यांनी ज्या प्रश्नावर आपला व्यवसाय उभारला, तो प्रश्न महाराष्ट्रातही अलीकडेच उपस्थित झाला. भारतात मोटारीचे सुटे भाग, जुळणीचा पूर्ण संच आणि तयार मोटार यांना निरनिराळे शुल्क लागते. छत्रपती संभाजीनगर आणि चाकण येथे कारखाने असलेल्या स्कोडा-फोक्सवॅगनला सीमाशुल्क विभागाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे १४० कोटी डॉलरच्या मागणीची नोटीस बजावली. कंपनी जवळपास संपूर्ण मोटारी आणत असूनही त्या सुटे भाग म्हणून दाखवते, असा विभागाचा दावा होता. कंपनीने तो अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका तरुण इंग्रज अभियंत्याच्या तबेल्यातील कारखान्याचा आणि या अवाढव्य उद्योगाचा परस्परांशी काही संबंध नाही. प्रश्न मात्र तोच आहे : भागांच्या ढिगाऱ्याची मोटार नेमकी केव्हा होते? कायदा या प्रश्नाचे जे उत्तर देतो, त्यावर ती मोटार कोणाला परवडणार हे ठरते. १९५० च्या दशकातील ब्रिटनमध्ये ते उत्तर सामान्य उत्पन्नाच्या तरुणाला अनुकूल होते. लोटस सेव्हनच्या रूपाने त्याची साक्ष आजही रस्त्यावर धावते आहे.